मधुमेह, मेंदू आणि एक योगायोग

१९८८ सालच्या एप्रिल महिन्यांत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकेंतील प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत इटलींतील मिलान शहरच्या कांहीं संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाचा विषय होता एकच रोगी. त्या रोग्यास तीन व्याधींनीं ग्रासलें होतें. त्याचे स्नायू ताठरून जात. त्यास अपस्माराचे झटके येत. आणि इन्शुलिनवांचून ज्यांत निभाव लागत नाहीं अशा जातीचा मधुमेह त्यास होता. या व्याधींचीं घराणीं वेगळीं. ताठरपणा व झटके पाहणार मज्जातंतूंचा वैद्य, मधुमेह पाहणार दुसराच. एकाच माणसाच्या कपाळीं इतकीं दुखणीं यावीं हें त्याचें दुर्दैव, असा उद्गार काढून पुढच्या रोग्याकडे वळण्यास कोणाची हरकत नव्हती. मिकेले सोलिमेना, पिएत्रो दे कामिल्ली व त्यांचे सहकारी यांनीं तसें केलें नाहीं. या तिन्ही व्याधींचें मूळ एकच तर नसेल ना, असा प्रश्न त्यांनीं केला. आणि त्या प्रश्नानें मधुमेह व मेंदूचे विकार यांच्यामध्यें उभ्या असलेल्या भिंतीला मोठें खिंडार पाडलें.

हें खिंडार एका दिवसांत पडलें नाहीं. त्यामागें शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे तीन प्रवाह आहेत. शरीराची रक्षकसेना शरीरावरच उलटूं शकते कीं नाहीं, हा वाद पहिला. स्वादुपिंड निकामी कां होतें, हा शोध दुसरा. आणि ज्यांचें दुखणें पुष्कळदां मनाचा खेळ म्हणून हंसण्यावारी नेलें गेलें अशा मूठभर ताठरलेल्या माणसांची कहाणी, हा तिसरा. हे तीन प्रवाह कोठें व कसे मिळाले हें पाहण्यासारखें आहे. कारण आजहि कित्येक रोग्यांचें बरेंवाईट त्या संगमाच्या ज्ञानावर अवलंबून असतें.

पहिल्या प्रवाहाचा उगम जर्मनींत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असें दिसून आलें होतें कीं, शरीरांत परकें कांहीं शिरलें म्हणजे रक्तांत विशिष्ट प्रथिनें उत्पन्न होतात. तीं त्या परक्या पदार्थास नेमकें ओळखतात व त्यास जाऊन चिकटतात. यांनाच प्रतिपिंडें म्हणतात. पॉल एर्लिख या थोर शास्त्रज्ञानें शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीचें रक्त दुसरीस टोंचलें, तर दुसरीच्या शरीरांत पहिलीच्या रक्तकणांविरुद्ध प्रतिपिंडें तयार होत. परंतु स्वतःच्या रक्तकणांविरुद्ध मात्र कोणतीच शेळी प्रतिपिंडें तयार करीत नसे. १९०१ च्या सुमारास एर्लिखनें या गोष्टीस ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असें लॅटिन नांव दिलें. स्वतःलाच विष चारण्याची शरीराला असलेली धास्ती, असा त्याचा भावार्थ. कुंपणानें शेत खाऊं नये अशी निसर्गाचीच योजना आहे, असें जणूं त्यास म्हणावयाचें होतें. ही योजना क्वचित् प्रसंगीं बिघडूं शकेल व त्यांतून रोग उद्‌भवेल, ही शक्यता खुद्द एर्लिखनें नाकारली नव्हती. परंतु त्याच्या मागून आलेल्या अनेकांनीं ‘बिघडूं नये’ या शब्दांचा अर्थ ‘बिघडतच नाहीं’ असा करून घेतला. १९०४ सालीं व्हिएन्ना येथें डोनाथ व लांडस्टायनर यांनीं, थंडी लागली कीं स्वतःच्याच रक्तकणांचा नाश करणारें प्रतिपिंड कांहीं रोग्यांच्या रक्तांत दाखवून दिलें. तरीहि एक नवलाचा अपवाद म्हणून तें बाजूसच पडलें.

मेंदूच्या बाबतींत या समजुतीला मोठा धक्का बसला तो पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लशीमुळें. १८८५ सालच्या जुलै महिन्यांत लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ही लस पॅरिसमध्यें टोंचविली, तेव्हां ती सशांच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. तिनें पुढें असंख्य लोकांचे प्राण वांचविले. परंतु थोड्या लोकांचे हातपाय लस घेतल्यावर कांहीं दिवसांनीं लुळे पडत, कधीं शुद्ध हरपे, कधीं मृत्यूहि ओढवे. हा पिसाळरोगच कीं लशीचा परिणाम, यावर कित्येक वर्षें वाद माजला. १९११ सालीं कसौली येथें डेव्हिड सेंपल यांनीं कार्बोलिक ॲसिडनें रोगाचें विष मारून तयार केलेली लस पुढें आणली. विष मेलेलें असे. तरीहि ते अपघात थांबले नाहींत. पुढें मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी हीच लस आपल्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. ‘कुत्रा चावला तर पोटांत चौदा इंजेक्शनें’ हें जें वाक्य महाराष्ट्रांतील घराघरांत मुलांना भय घालण्यास पुरेसें होई, तें या लशीमुळेंच रूढ झालें. भारतांत तिचें उत्पादन २००४ च्या सुमारास बंद झालें.

या अपघातांचें कोडें उलगडण्याचें श्रेय मुख्यतः न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील टॉमस रिव्हर्स यांच्याकडे जातें. १९३३ व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क महिनोन्‌महिने पुनःपुन्हां टोंचला. त्या अर्कांत पिसाळरोगाचें विष मुळींच नव्हतें. तरी कांहीं माकडें अडखळूं लागलीं, दुर्बळ झालीं. आणि त्यांचे मेंदू तपासले तेव्हां त्यांत ठिकठिकाणीं दाह झालेला व मज्जातंतूंवरील मेदाचें वेष्टण झडलेलें दिसलें. याचा अर्थ इतकाच होऊं शकत होता कीं, सशाच्या मेंदूविरुद्ध सज्ज झालेली सेना माकडाच्या स्वतःच्या मेंदूवर तुटून पडली. दोन्ही मेंदूंत साम्य होतें, आणि शिपायांना आपलें व परकें ओळखतां आलें नाहीं. कुंपण शेत खाऊं शकतें, हें आतां प्रत्यक्ष दिसलें होतें.

दुसरा प्रवाह साखरेचा. १८६९ सालीं बर्लिनमध्यें पॉल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें स्वादुपिंडांत पेशींचे लहान लहान पुंजके पाहिले. समुद्रांत विखुरलेल्या बेटांप्रमाणें ते इतर पेशींमध्यें विखुरलेले असत. त्यांचें कार्य काय, हें त्यास उमगलें नव्हतें. पुढें मात्र तीं लांगरहान्सचीं बेटें म्हणून प्रसिद्धीस आलीं. १८८९ सालीं स्ट्रासबर्ग येथें फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्यास तीव्र मधुमेह झाला. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाच्या अर्कानें मधुमेही कुत्र्याची साखर उतरवून दाखविली. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंतील कोलिप यांनीं तो अर्क शुद्ध केला. आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो टोंचण्यांत येऊन त्याचे प्राण वांचले. ज्या मुलांच्या मरणाची वाट पाहत आईबाप उशाशीं बसत, तीं मुलें उठून शाळेस जाऊं लागलीं.

या विजयाच्या आनंदांत एक प्रश्न मागें राहिला. हीं बेटें मरतात कां? इन्शुलिन टोंचून माणूस जगत असल्यामुळें त्या प्रश्नाची निकड पूर्वींइतकी उरली नव्हती. १९३६ सालीं लंडनचे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनीं मधुमेहाच्या दोन जाती असल्याचें दाखविलें. एका जातींत शरीर इन्शुलिनला चटकन दाद देतें, दुसरींत देत नाहीं. पहिली बहुधा मुलांत व तरुणांत आढळते, आणि तींतच बेटांचा ऱ्हास होतो. १९६५ सालीं ब्रुसेल्सचे विली गेप्ट्स यांनीं, मधुमेह जडून थोड्याच अवधींत मरण पावलेल्या तरुण रोग्यांचीं स्वादुपिंडें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं. बावीसांपैकीं पंधरांच्या बेटांत त्यांना पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी आढळली. रिव्हर्सच्या माकडांच्या मेंदूंत जशा दाहाच्या खुणा होत्या, तशाच या होत्या.

त्या वेळपर्यंत वैद्यकाची मनोभूमिहि बदलली होती. १९५६ सालीं अमेरिकेंत रोझ व विटेब्स्की यांनीं आणि लंडनमध्यें रॉइट, डोनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा नाश स्वतःच्याच प्रतिकारशक्तीकडून होऊं शकतो, हें पुराव्यानिशीं मांडलें होतें. त्याच डेबोरा डोनियाक यांच्या प्रयोगशाळेंतून १९७४ सालीं बोत्तात्सो यांच्या पुढाकारानें दुसरी बातमी आली. ज्या मधुमेह्यांच्या इतरहि अनेक ग्रंथी निकामी झालेल्या होत्या, अशांच्या रक्तांत लांगरहान्सच्या बेटांविरुद्ध प्रतिपिंडें सांपडलीं. हल्लीं ज्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्याचें मूळ येथें आहे. अधिक खाण्यानें किंवा बैठ्या राहणीनें येणारा हा रोग नव्हे. स्वतःच्याच रक्षकांनीं केलेला हा घरभेद आहे.

परंतु बेटांतील नेमक्या कोणत्या पदार्थावर हीं प्रतिपिंडें रोखलेलीं असतात? १९८२ सालीं डेन्मार्कमध्यें स्टाइनुन बॅकेस्कोव, ऑके लेर्नमार्क व त्यांचे सहकारी यांनीं नव्या मधुमेह्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडें बेटांतील एका प्रथिनास चिकटतात, असें दाखविलें. त्या प्रथिनाचा रेणुभार सुमारें चौसष्ट हजार होता. त्याचें कार्य, त्याची घडण, त्याचें नांव, सर्वच अज्ञात. बेटें इवलीशीं आणि त्यांतील हें प्रथिन त्याहूनहि अल्प; शुद्ध करून ओळखावें तर पुरेसें हातीं लागेना. संशोधक त्यास ‘६४ के’ एवढ्या आंकड्यानेंच ओळखूं लागले. आठ वर्षें तें निनांवी राहिलें.

आतां तिसरा प्रवाह. १९२४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिक या विख्यात रुग्णालयांत आयोवा राज्यांतील एक शेतकरी आला. स्नायू ताठ होत गेल्यामुळें त्यास चालणें कठीण झालें होतें. त्याच्या दुखण्याचें नांव कोणास सांगतां आलें नाहीं. पुढील बत्तीस वर्षांत असे चौदा रोगी तेथें नोंदले गेले, आणि १९५६ सालीं फ्रेडरिक मोर्श व हेन्री वोल्टमन यांनीं त्या सर्वांची हकीकत एकत्र प्रसिद्ध करून या विकारास ‘स्टिफ मॅन सिंड्रोम’, म्हणजे ताठ माणसाचा विकार, असें नांव दिलें. पाठीचे व पोटाचे स्नायू फळीसारखे कठीण होतात. दाराचा आवाज, अकस्मात् झालेला स्पर्श, किंवा नुसती भीति, एवढ्यानेंहि सर्वांगांत गोळे येतात, आणि माणूस हात पुढें न करतां ओंडक्यासारखा आडवा होतो. झोंपेंत ताठरपणा ओसरतो. भयानें वाढणारें आणि झोंपेंत जाणारें हें दुखणें पाहून, हें शरीराचें नसून मनाचें असावें, असा तर्क अनेक वैद्यांनीं केला. रस्ता ओलांडावयास धजत नाहीं अशा रोग्यास, तुझ्या मनानें घेतलें आहे, असें सांगण्यांत आलें. वास्तविक भीति हें त्या रोगाचें कारण नव्हतें. पडून पडून भीति बसली होती.

मोर्श व वोल्टमन यांच्या निबंधांत आणखी एक गोष्ट टिपलेली होती. त्यांच्या चौदा रोग्यांपैकीं कांहींना मधुमेहहि होता. त्या काळीं या नोंदीचा अर्थ लावण्याचें साधन नव्हतें. परंतु ती नोंद त्यांनीं गाळली नाहीं. ‘संबंध नाहीं’ म्हणून ती खोडून टाकली असती, तर पुढच्या पिढीला तो धागा हातीं लागण्यास किती विलंब लागला असता कोण जाणे.

ताठरपणाचें मर्म एका औषधानें सूचित केलें. १९६३ सालीं मेयो क्लिनिकमधीलच हॉवर्ड यांनीं, त्या वेळीं नव्यानें बाजारांत आलेल्या डायझेपाम या औषधानें हे रोगी सैल होतात, असें कळविलें. हें औषध गुण कां देतें, हें समजण्यास मेंदूंतील एका द्रव्याची ओळख हवी. १९५० सालीं अमेरिकेंत यूजीन रॉबर्ट्स व इतर कांहीं संशोधकांना मेंदूंत गॅमा अमिनो ब्युटिरिक ॲसिड, थोडक्यांत ‘गाबा’, हें द्रव्य विपुल प्रमाणांत असल्याचें आढळलें. पुढील दहापंधरा वर्षांत त्याचें कार्य स्पष्ट झालें. मज्जापेशींना आवर घालणें हें त्याचें काम. घोडा धांवतो तो पायांच्या बळावर, पण गाडी रस्त्यावर राहते ती लगामामुळें; मेंदूचा लगाम म्हणजे गाबा. हा लगाम ढिला पडला, कीं स्नायूंना हुकूम सुटत राहतात आणि ते ताठरतात. मेंदूच्या पेशींत बेबंद विद्युत्‌प्रवाह उसळतात आणि अपस्माराचा झटका येतो. डायझेपाम हें औषध गाबाचा प्रभाव वाढवितें, म्हणूनच ताठरलेला रोगी सैल होतो. हें गाबा तयार करणारें एक एन्झाइम मज्जापेशींत असतें. त्याचें नांव ग्लुटॅमिक ॲसिड डिकार्बॉक्सिलेज. संशोधक त्यास ‘गॅड’ म्हणतात. आणि आश्चर्य असें कीं, मेंदूबाहेर हें एन्झाइम ज्या थोड्या ठिकाणीं भरपूर सांपडतें, त्यांपैकीं एक ठिकाण म्हणजे इन्शुलिन तयार करणाऱ्या लांगरहान्सच्या बेटांतील पेशी.

एवढी पार्श्वभूमि ध्यानीं घेतली म्हणजे मिलानच्या त्या रोग्याचें महत्त्व कळतें. सोलिमेना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें रक्त व पाठीच्या कण्यांतील द्रव घेऊन मेंदूच्या पातळ कापांवर टाकलें. त्यांतील प्रतिपिंडें सरसकट सर्व मेंदूस चिकटलीं नाहींत. ज्या मज्जापेशी गाबा तयार करतात, नेमक्या त्यांनाच चिकटलीं. स्वादुपिंडांतील बेटांसहि तीं चिकटलीं. लक्ष्य ‘गॅड’ असावें, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. एकच रोगी म्हणजे पुरावा नव्हे, हें ते जाणून होते. १९९० सालीं त्यांनीं ताठरपणाचे तेहतीस रोगी तपासून त्यांपैकीं वीस जणांच्या रक्तांत अशींच प्रतिपिंडें असल्याचें प्रसिद्ध केलें.

आतां ज्यांच्या हातीं ‘६४ के’ हें निनांवी प्रथिन होतें ते एकीकडे, आणि ज्यांच्या हातीं ‘गॅड’ हें नांवगांव असलेलें एन्झाइम होतें ते दुसरीकडे, अशी स्थिति झाली. त्याच १९९० सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत बॅकेस्कोव व दे कामिल्ली यांच्या मंडळींनीं मिळून उत्तर प्रसिद्ध केलें. दोन्ही वस्तु एकच होत्या. मधुमेहाच्या संशोधकांना आठ वर्षें हुलकावणी देणारें प्रथिन मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना चांगलें परिचयाचें होतें. एका घरांत जें हरवलें होतें तें शेजारच्या घरांत फळीवर ठेवलेलें होतें. मधलें दार मात्र कोणी उघडलें नव्हतें.

यानंतर मज्जातंतूंच्या वैद्यांनीं आपले जुने रोगी नव्या नजरेनें पाहिले. कित्येकांचा तोल जातो, बोलणें अडखळतें, हात थरथरतात. म्हणजे लहान मेंदूचें कार्य बिघडतें. २००१ सालीं युरोपांतील संशोधकांनीं अशा रोग्यांचा एक गट वर्णिला. त्यांच्या रक्तांत ‘गॅड’विरोधी प्रतिपिंडें होतीं, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, आणि बहुतेकींना मधुमेह होता. दुसरा गट मेंदूच्या कानशिलाकडील भागाच्या दाहाचा. या भागांत स्मृति व भावना यांचें स्थान आहे. असा दाह १९६० सालीं इंग्लंडमध्यें ब्रायर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्णिला होता, आणि १९६८ सालीं कॉर्सेलिस यांनीं त्याचा शरीरांत दडलेल्या कर्करोगाशीं संबंध दाखविला होता. त्यामुळें कर्करोग नसेल तर हा दाहहि नसेल, अशी समजूत पुष्कळ काळ राहिली. २००७ सालीं फिलाडेल्फिया येथें जोसेप डाल्माव यांनीं तरुण स्त्रियांतील मेंदुदाहाचा एक प्रकार दुसऱ्याच प्रतिपिंडामुळें होतो, असें दाखविलें, आणि वेड्यांच्या इस्पितळांत पाठविल्या जाणाऱ्या कित्येक मुली योग्य उपचारानें बऱ्या होऊन घरीं येऊं लागल्या. त्या शोधानें सर्वांचे डोळे उघडले. २०१० सालीं जर्मनींत बॉन येथील वैद्यांनीं ‘गॅड’विरोधी प्रतिपिंडें असलेल्या मेंदुदाहाचें स्वतंत्र वर्णन केलें. त्यांतील रोगी बहुधा तरुण होते, आणि कर्करोग त्यांच्यांत नव्हता. आवरतां न येणारे अपस्माराचे झटके हें त्यांचें मुख्य लक्षण होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना इतिहासच देतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह नव्यानें जडलेल्यांपैकीं सुमारें दहांत सात-आठ जणांच्या रक्तांत ‘गॅड’विरोधी प्रतिपिंडें असतात. त्यांपैकीं अगदीं विरळा एखाद्यासच मेंदूचा विकार होतो. ताठरपणाचा विकार तर दहा लाखांत एकदोघांस होतो असें मानतात. तेव्हां घरांत कोणास असा मधुमेह असला, तर त्यानें मेंदूच्या दाहाची चिंता वाहत बसण्याचें कारण नाहीं. ज्यांना मेंदूचा विकार होतो, त्यांच्या रक्तांत हीं प्रतिपिंडें कित्येक पटींनीं, पुष्कळदां शंभर पटींहून अधिक असतात. आणि तीं त्या प्रथिनाच्या वेगळ्या भागांवर रोखलेलीं असतात. शिवाय ‘गॅड’ हें पेशीच्या आंत राहणारें एन्झाइम आहे. प्रतिपिंड बाहेरून फिरतें. तें आंतल्या वस्तूपर्यंत कसें पोंचतें, कीं पेशींचा खरा घात पांढऱ्या रक्तपेशीच करतात आणि प्रतिपिंड हा केवळ आगीवरचा धूर आहे, या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाहीं.

उपचारांतहि अडचणी आहेत. प्रतिकारशक्तीचा हा बंडावा शमविण्यास स्टेरॉइड औषधें वापरतात; पण तींच औषधें रक्तांतील साखर वाढवितात. म्हणजे मेंदू वांचवितांना मधुमेह भडकतो, आणि दोन्ही बाजू एकाच वेळीं सांभाळाव्या लागतात. निरोगी लोकांच्या रक्तांतून गोळा केलेलीं प्रतिपिंडें शिरेंतून दिल्यास ताठरपणा कमी होतो, हें २००१ सालीं अमेरिकेंत मारिनोस डालाकास यांनीं सोळा रोग्यांवरील पद्धतशीर परीक्षेनें दाखविलें. डाल्माव यांनीं वर्णिलेल्या दाहांत जसा झपाट्यानें गुण येतो, तसा ‘गॅड’च्या विकारांत बहुधा येत नाहीं, पेशी एकदां नष्ट झाल्या कीं परत येत नाहींत. म्हणूनच निदान लवकर होण्याला येथें विशेष मोल आहे. मधुमेहाच्या बाजूसहि एक आशादायक गोष्ट घडली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेंत मान्यता मिळाली. बेटांवरील हल्ला सुरू झालेला असून मधुमेह अजून प्रकट झालेला नाहीं, अशा अवस्थेंत रोगाचें आगमन लांबविणारें हें पहिलें औषध होय. शंभर वर्षें केवळ साखरेशीं झुंजणाऱ्या वैद्यकानें प्रथमच कुंपणाला हात घातला आहे.

रोगाचें नांवहि या काळांत बदललें. चौदांपैकीं दहा रोगी पुरुष होते म्हणून १९५६ सालीं त्यास ताठ ‘मॅन’चा विकार म्हटलें गेलें. पुढें स्त्रियाच अधिक संख्येनें या विकारानें पीडलेल्या आढळल्या, आणि १९९१ पासून ‘स्टिफ पर्सन’ हें नांव प्रचारांत आलें. तोंपर्यंत कित्येक स्त्रियांना, हा पुरुषांचा रोग, तुमचें दुखणें मनाचें, असें ऐकून घ्यावें लागलें असेल, याची कल्पना सहज येते. चुकीचें नांवहि रोग्याच्या वाटेंत आडवें येऊं शकतें.

या सर्व कथेचा व्यवहारांतील अर्थ फार साधा आहे. इन्शुलिन घेणाऱ्या माणसास झटका आला, तर प्रथम साखर उतरली आहे काय हें पाहिलें पाहिजे. तेंच सर्वांत संभवनीय व तांतडीचें कारण असतें. परंतु साखर ठीक असतांहि झटके येत राहिले, आठवण पुसट होऊं लागली, तोल जाऊं लागला, किंवा पाठ व पोट फळीसारखें ताठूं लागलें, तर ‘साखरेचाच परिणाम’ किंवा ‘मनाचा खेळ’ या दोन सोयीच्या उत्तरांवर थांबूं नये. उलट, अपस्माराचा किंवा ताठरपणाचा रोगी मज्जातंतूंच्या वैद्याकडे गेला, तर त्याला मधुमेह आहे काय, थायरॉइडचा विकार आहे काय, हेंहि विचारलें गेलें पाहिजे. रक्ताची एक परीक्षा त्यानंतर पुष्कळ कांहीं सांगूं शकते.

मेयो क्लिनिकच्या त्या चौदा रोग्यांच्या हकीकतींत मधुमेहाची नोंद करणाऱ्यांना तिचा अर्थ ठाऊक नव्हता. मिलानच्या संशोधकांनीं तो प्रश्न स्पष्टपणें विचारला, तेव्हां त्या नोंदीला बत्तीस वर्षें झालीं होतीं. वैद्यकानें शरीराचे विभाग पाडले ते अभ्यासाच्या सोयीसाठीं. रोग त्या विभागांच्या सीमा पाळीत नाहीं. ज्याच्या स्वादुपिंडांत इन्शुलिन उरलेलें नाहीं आणि ज्याच्या मेंदूंतला लगाम तुटला आहे, तो रोगी दोन दालनांत दोन निरनिराळे कागद घेऊन फिरत असतो. ते दोन्ही कागद एकाच वेळीं एकाच मेजावर ठेवणारा कोणी भेटला, तर त्याच्या दुखण्याचें खरें नांव कळण्याची आशा असते.